आयस्कझीमध्ये टाइमआउट झालेली कमांड नीट रद्द कशी करावी

अ‍ॅबॉर्ट पाठवला म्हणजे कमांड मेली असं धरून चालणारा इनिशिएटर आज ना उद्या डेटा बिघडवतो. (आयस्कझी म्हणजे नेटवर्कवरून दूरची डिस्क वापरायची पद्धत. डिस्क मागणारं मशीन इनिशिएटर, देणारं टार्गेट.) अ‍ॅबॉर्ट ही टार्गेटला केलेली विनंती आहे. तिचं उत्तर हातात पडेपर्यंत मूळ कमांड जिवंतच समजायची. बँकेला ‘हा चेक थांबवा’ असं कळवलं, तरी ‘थांबवला’ किंवा ‘आधीच वटला’ हे बँकेकडून कळेपर्यंत ती रक्कम आपली नसते, तसंच हे.

बिघाड नेमका कसा होतो ते बघा. एका ब्लॉकवर ‘क्ष’ मजकूर लिहायची कमांड गेली आणि टार्गेटच्या रांगेत अडकली. तीस सेकंद झाल्यावर इनिशिएटरने ती सोडून दिली, बफर मोकळा केला आणि वरच्या थराला ‘जमलं नाही’ असं कळवलं. फाइलसिस्टमने त्याच ब्लॉकवर नवा ‘य’ लिहिला आणि तो यशस्वी झाला. मग टार्गेटची डिस्क शुद्धीवर आली, रांगेतला जुना ‘क्ष’ बाहेर पडला आणि ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसला. कुठल्याही लॉगमध्ये एरर नाही. दोन आठवड्यांनी डेटाबेस चेकसम चुकल्याचं सांगतो आणि मग लोक रॅमवर संशय घेत बसतात.

वायरवर काय जायला हवं

आयस्कझीचा मूळ मसुदा आरएफसी ३७२० हा एप्रिल २००४ चा. एप्रिल २०१४ च्या आरएफसी ७१४३ ने तो आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या एकत्र केल्या. रद्द करण्याचं काम ‘टास्क मॅनेजमेंट फंक्शन रिक्वेस्ट’ या पीडीयूने, म्हणजे आयस्कझीच्या एका संदेशाने, होतं. याचा ऑपकोड हेक्स ०२ आणि उत्तराचा हेक्स २२. फंक्शनचे आकडे असे: १ म्हणजे अ‍ॅबॉर्ट टास्क, २ अ‍ॅबॉर्ट टास्क सेट, ५ लॉजिकल युनिट रीसेट, ६ टार्गेट वॉर्म रीसेट, ७ कोल्ड रीसेट. ३, ४ आणि ८ सुद्धा आहेत, पण त्यांचं इथे काम नाही.

अ‍ॅबॉर्ट टास्कमध्ये दोन रकाने अचूक भरायचे. ‘रेफरन्स्ड टास्क टॅग’मध्ये मूळ कमांडचा इनिशिएटर टास्क टॅग आणि ‘रेफ सीएमडीएसएन’मध्ये तिचा अनुक्रमांक. अ‍ॅबॉर्टला स्वतःचा वेगळा टास्क टॅग लागतो. मूळ कमांड ज्या कनेक्शनवरून गेली त्याच कनेक्शनवरून अ‍ॅबॉर्टही गेला पाहिजे.

हा पीडीयू इमीजिएट बिट लावून पाठवायचा. टार्गेट तुंबलेलं असतं तेव्हा कमांड विंडोही बऱ्याचदा बंद असते, म्हणजे मॅक्स-सीएमडीएसएन (टार्गेट घ्यायला तयार असलेला सगळ्यात पुढचा कमांड क्रमांक) पुढे सरकत नाही. साध्या कमांडसारखा अ‍ॅबॉर्ट पाठवला तर तो विंडो उघडायची वाट बघत इनिशिएटरच्याच रांगेत कुजतो. पण इमीजिएट बिट आहे म्हणून एका दमात वीस अ‍ॅबॉर्ट सोडू नका. एका कनेक्शनवर एका वेळी किमान एक इमीजिएट टास्क मॅनेजमेंट कमांड हाताळण्याचं बंधन प्रमाणाने टार्गेटवर घातलं आहे. त्याहून जास्त पाठवल्यास ते रिजेक्ट करू शकतं. लिनक्सचा इनिशिएटरही म्हणूनच एका कनेक्शनवर एकाच टीएमएफला (टास्क मॅनेजमेंट फंक्शनला) वाट देतो.

कमांड अजून वायरवर गेलीच नसेल, आपल्याच पेंडिंग रांगेत असेल, तर टार्गेटला काही विचारायचं नाही. रांगेतून काढा, रद्द म्हणून वर कळवा, संपलं. ही तपासणी आधी आणि लॉक धरून करा, नाहीतर तपासणी आणि पाठवणं यांच्या मधल्या फटीत कमांड निसटून जाते.

अर्धवट गेलेला पीडीयू

नवीन कोड लिहिणारे हमखास अडखळतात ते इथे. समजा डेटा-आउट पीडीयूचा ४८ बाइटचा हेडर गेला आणि त्यात ‘पुढे ८१९२ बाइट डेटा आहे’ असं सांगितलं. त्यातले ३००० बाइट सॉकेटमध्ये गेले आणि तेवढ्यात टाइमआउट झाला. उरलेले ५१९२ बाइट पाठवावेच लागतात. टीसीपीच्या प्रवाहात मध्येच तोडायची सोय नाही. तिथे अ‍ॅबॉर्टचा हेडर घुसवला तर टार्गेट त्याला डेटा समजून डिस्कवर लिहील आणि त्यापुढच्या प्रत्येक पीडीयूची हद्द चुकेल. म्हणून तो बफर तोवर मोकळा करायचा नाही.

वाचनाची बाजूही तशीच. अ‍ॅबॉर्ट गेल्यावरही त्या टास्कचे डेटा-इन पीडीयू येऊ शकतात. ते सॉकेटमधून पूर्ण उचलायचे, फेकून द्यायचे असले तरी.

आरटूटीचं (टार्गेटकडून येणारा ‘आता डेटा पाठव’ हा इशारा) काय करायचं यावर मात्र टार्गेटांमध्येच एकमत नाही. काहींना अ‍ॅबॉर्टनंतर इनिशिएटरने डेटा पाठवणं थांबवलेलं आवडतं. काहींना आधी दिलेल्या प्रत्येक आरटूटीचं उत्तर मिळाल्याशिवाय चैन पडत नाही. ओपन-आयस्कझी या लिनक्सच्या इनिशिएटरच्या कॉन्फिग फाइलमध्ये यासाठी ‘फास्ट अ‍ॅबॉर्ट’ नावाची ओळ आहे. डीफॉल्ट ‘येस’, म्हणजे डेटा थांबवायचा. आयईटी टार्गेटला हे चालतं. इक्वललॉजिकसारख्या अ‍ॅरेसाठी ‘नो’ करायला त्याच फाइलमध्ये सांगितलेलं आहे. अ‍ॅबॉर्टचं उत्तर फक्त लिहिण्याच्या कमांडवरच अडकत असेल आणि वाचताना कधीच अडकत नसेल, तर सगळ्यात आधी हीच ओळ बदलून बघा.

उत्तर कसं वाचायचं

उत्तर ० म्हणजे ‘फंक्शन कम्प्लीट’. यानंतर त्या टास्कचं काहीही येणार नाही. आता टॅग पुन्हा वापरा, बफर परत करा. त्याआधी आपली पाठवायची बाजू क्षणभर थांबवून, त्या टास्कचा एखादा डेटा-आउट अजून रांगेत नाही ना, हे बघायचं. टार्गेटने अ‍ॅबॉर्ट मान्य केला आणि आपण मात्र डेटा लिहीतच बसलो, असं होऊ शकतं.

उत्तर १ म्हणजे ‘टास्क अस्तित्वात नाही’. इथे घाई नको. बहुतेक वेळा याचा अर्थ इतकाच की अ‍ॅबॉर्ट वाटेत असताना मूळ कमांड पूर्ण झाली. एकच कनेक्शन असल्याने तिचं स्टेटस अ‍ॅबॉर्टच्या उत्तराआधी आपल्याकडे आलेलं असतं. ते आलं असेल तर कमांड नेहमीसारखी पूर्ण झाली असं धरा. स्टेटस आलेलं नसताना टार्गेट ‘असं काही नाहीच’ म्हणत असेल, तर दोघांच्या वह्या जुळत नाहीत. ही अपयशाची खूण आहे, पुढच्या पायरीवर, म्हणजे लॉजिकल युनिट रीसेटवर, जा.

तिसरी शक्यता बारीक आहे. कमांड टार्गेटपर्यंत पोचलीच नाही, पण तिचा अनुक्रमांक विंडोत बसतो आणि अ‍ॅबॉर्टच्या क्रमांकापेक्षा लहान आहे. अशा वेळी टार्गेटने तो क्रमांक ‘मिळाला’ असं धरून ० हेच उत्तर द्यायचं असतं, नाहीतर क्रमांकातलं भोक कायम राहतं आणि पुढच्या सगळ्या कमांड खोळंबतात. रेफ सीएमडीएसएनचा रकाना त्यासाठीच आहे. तिथे शून्य भरून मोकळं होणारे इनिशिएटर याच जागी अडकतात.

५ म्हणजे हे फंक्शन चालत नाही, २५५ म्हणजे नकार. दोन्हीत थेट पुढची पायरी.

उत्तर आलंच नाही तर? तर कमांडचं काय झालं हे आपल्याला माहीत नाही, आणि तसं मान्य करूनच पुढे जायचं. शेवटचा उपाय म्हणजे सेशन तोडून त्याच आयएसआयडीने (इनिशिएटरने सेशनला दिलेल्या ओळखक्रमांकाने) पुन्हा लॉगिन करणं. टार्गेटला जुनं सेशन बंद करून त्यातल्या टास्क संपवूनच नवं लॉगिन मान्य करायचं असतं. म्हणजे यशस्वी लॉगिन हेच आपल्याला न मिळालेलं उत्तर. नुसतं कनेक्शन तोडून बफर मोकळा केला तर तो ‘क्ष’ आणि ‘य’चा घोळ पुन्हा दारात.

टॅगबद्दल एक सवय उचलण्यासारखी आहे. लिनक्सच्या कर्नलमधली लिबआयस्कझी (इनिशिएटरचं मॉड्यूल) टास्क टॅगच्या वरच्या चार बिटांत सेशनची पिढी ठेवते. सेशन नव्याने उभं राहिलं की पिढी एकने वाढते. जुन्या पिढीचा टॅग घेऊन उशिरा काही आलंच तर ते दुसऱ्याच्या बफरमध्ये न जाता चुकीचा टॅग म्हणून पकडलं जातं.

लिनक्समधला वेळेचा हिशेब

डिस्कचा कमांड टाइमआउट ३० सेकंद असतो. तो सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) त्या ब्लॉक डिव्हाइसच्या ‘डिव्हाइस’ फोल्डरखाली ‘टाइमआउट’ फाइलमध्ये दिसतो आणि तिथेच बदलता येतो. बाकीचे आकडे ओपन-आयस्कझीचे: नॉप-आउट (कनेक्शन जिवंत आहे का हे बघणारा पिंगसारखा संदेश) दर ५ सेकंदांनी, त्याच्या उत्तराला ५ सेकंद, अ‍ॅबॉर्टच्या उत्तराला १५, लन (लॉजिकल युनिट, म्हणजे टार्गेटवरची एक डिस्क) रीसेटला ३०, टार्गेट रीसेटला ३०, लॉगिनला १५, आणि तुटलेलं सेशन परत येण्याची वाट १२० सेकंद. शेवटच्याचं नाव ‘रिप्लेसमेंट टाइमआउट’.

बरोबर तिसाव्या सेकंदाला अ‍ॅबॉर्ट जाईल अशी अपेक्षा ठेवून पॅकेट बघत बसलात तर निराशा होईल. टाइमआउट झाल्यावर इनिशिएटर आधी स्वतःशी काही प्रश्न विचारतो. या टास्कचा डेटा मधल्या काळात थोडा तरी सरकला का? आधी गेलेली दुसरी एखादी टास्क पुढे सरकते आहे का? सरकत असेल तर घड्याळ पुन्हा लावलं जातं. नॉप चालू असतील आणि या टास्कसाठी कनेक्शन तपासून झालं नसेल, तर एक नॉप जातो आणि तेव्हाही घड्याळ पुन्हा लागतं. त्यामुळे डीफॉल्ट आकड्यांवर अ‍ॅबॉर्ट साधारण साठाव्या सेकंदाला दिसतो. हा सगळा हिशेब ‘नॉपची वेळ कमांडच्या वेळेपेक्षा कमी’ या गृहीतकावर उभा आहे. कमांड टाइमआउट १० वर आणून नॉप ५ अधिक ५ तसाच ठेवणं म्हणजे दोन घड्याळांची शर्यत लावणं.

अ‍ॅबॉर्ट यशस्वी झाला तर त्रास त्या एका कमांडपुरता. फसला तर स्कझीचा एरर हँडलर जागा होतो आणि तो होस्टवरची नवी कमांड थांबवतो. सॉफ्टवेअर आयस्कझीत एक सेशन म्हणजे एक होस्ट. म्हणजे एका लनची डिस्क कुरकुरली तरी त्या सेशनवरचे सगळे लन थिजतात.

अ‍ॅबॉर्टला नकार मिळाला तर पुढची पायरी लन रीसेट, मग टार्गेट रीसेट. उत्तरच आलं नाही तर मात्र लिबआयस्कझी लन रीसेटपर्यंत थांबत नाही, थेट कनेक्शन पाडते. कॉन्फिग फाइलमधली टीप वाचून उलटा समज होतो, कारण तिथे अ‍ॅबॉर्टनंतर लन रीसेट होईल असं लिहिलं आहे.

म्हणून ‘लवकर निकाल लागू दे’ म्हणत अ‍ॅबॉर्ट टाइमआउट ५ वर आणणं हा उलटा धंदा आहे. मागच्या डिस्कला वाईट वेळी २० सेकंद लागतात हे ठाऊक असेल तर तो आकडा ३० करा. एक कमांड अर्धा मिनिट रखडलेली परवडते, अख्खं सेशन पडलेलं परवडत नाही.

आकडे बदलल्यावर होणारी नेहमीची चूक: आयस्कझीडीची कॉन्फिग फाइल बदलली, सर्व्हिस रीस्टार्ट केली, फरक शून्य. ती फाइल फक्त नव्याने डिस्कव्हर होणाऱ्या टार्गेटना लागू होते. आधीच नोंदलेल्या टार्गेटसाठी आयस्कझीअ‍ॅडम नोड मोडमध्ये चालवून त्या नोंदीवर अपडेट करावं लागतं, मग लॉगआउट-लॉगिन. खरोखर लागू झालं का हे सेशन मोडमध्ये प्रिंट लेव्हल २ देऊन बघा. तिथे अ‍ॅबॉर्ट, लन रीसेट आणि रिकव्हरीचे चालू आकडे छापून येतात. सिसएफएसमध्ये हाताने लिहिलेला कमांड टाइमआउट रीबूटनंतर पुन्हा ३० होतो. तो कायम ठेवायचा असेल तर यूडेव्हचा (डिव्हाइस दिसताच सेटिंग लावणाऱ्या लिनक्सच्या सोयीचा) नियम लिहा.

लॉगमधले तीन आकडे

कर्नल ‘डिटेक्टेड कॉन एरर’ म्हणतो आणि कंसात चार अंकी आकडा देतो. १०२० म्हणजे समोरच्याने टीसीपी कनेक्शन बंद केलं. १०२१ म्हणजे अ‍ॅबॉर्ट किंवा रीसेटला उत्तर न आल्याने आपणच सेशन पाडलं. १०२२ म्हणजे नॉपला उत्तर आलं नाही.

१०२१ दिसला तर आधी टार्गेटमागच्या डिस्क बघा. नेटवर्क नॉप पोचवत होतं, म्हणजे रस्ता ठीक होता. १०२२ दिसला तर रस्ता बघा. त्यातला एक प्रकार फार फसवा: लॉगिन होतं, पिंग चालतो, थोडं वाचन-लेखनही होतं, पण मोठी कॉपी सुरू केली की दहा सेकंदांत १०२२, पुन्हा लॉगिन, पुन्हा तेच. ही बहुधा जम्बो फ्रेमची गडबड असते. दोन्ही टोकांना एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० आणि मधल्या एखाद्या स्विच पोर्टवर १५००. मोठं पॅकेट गळतं, टीसीपी तेच पुन्हा पुन्हा पाठवतं आणि नॉप त्याच प्रवाहात त्याच्या मागे अडकतो. अ‍ॅबॉर्टही तिथेच अडकला असता. ‘तुकडे करू नका’ हा पर्याय लावून ८९७२ बाइटचा पिंग मारा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा. तो गेला नाही तर चोर सापडला.

जास्त तपशील हवा असेल तर लिबआयस्कझी मॉड्यूलचा एरर हँडलिंगचा डीबग पॅरामीटर १ करा. अ‍ॅबॉर्ट कधी निघाला, कुठल्या टॅगसाठी, काय उत्तर आलं, सगळं कर्नल लॉगमध्ये उतरतं. काम झालं की बंद करायला विसरू नका.

टार्गेटच्या बाजूला

लिनक्सचं एलआयओ टार्गेट ब्लॉक लेयरला दिलेली विनंती परत मागवू शकत नाही. ते अ‍ॅबॉर्ट स्वीकारतं, खालचं काम संपण्याची वाट बघतं आणि मगच उत्तर देतं. हे बरोबरच आहे, खोटं ‘कम्प्लीट’ सांगण्यापेक्षा उशीर बरा. पण त्यामुळे खालची डिस्क जितकी रखडेल तितका अ‍ॅबॉर्ट रखडतो. त्यानंतरचं लॉगिनही रखडतं, कारण जुनं सेशन मिटवायलासुद्धा तेच काम संपावं लागतं. टार्गेटवर आयस्कझीचे थ्रेड ‘डी’ अवस्थेत (आयओची वाट बघत, किलला न जुमानता) दिसतात आणि लोक किल मारत बसतात. त्याचा उपयोग नाही.

इलाज मुळाशी करायचा. साध्या डेस्कटॉप साटा डिस्क खराब सेक्टरशी मिनिटभरही झटापट करू शकतात. ज्या डिस्कला एरर रिकव्हरी कंट्रोल आहे तिथे स्मार्टसीटीएल या डिस्कच्या कमांडच्या एससीटी-ईआरसी पर्यायाने वाचन आणि लेखन दोन्हीला ७० द्या. एकक शंभर मिलिसेकंदांचं, म्हणजे ७ सेकंद. मागे रेड असेल तर तो दुसऱ्या डिस्कवरून डेटा भरून काढतो आणि इनिशिएटरला काही कळतही नाही. बऱ्याच डिस्क वीज गेल्यावर ही सेटिंग विसरतात, त्यामुळे ती बूटच्या स्क्रिप्टमध्ये हवी.

रंगीत तालीम

हे सगळं खऱ्या बिघाडाआधी करून बघता येतं. टार्गेट आणि इनिशिएटर वेगळ्या मशीनवर ठेवा. टार्गेटमागे एलव्हीएमचा छोटासा, रिकामा व्हॉल्यूम द्या. इनिशिएटरवर पोर्ट ३२६० चा टीसीपीडम्प लावा. मग टार्गेटवर डीएमसेटअपने तो व्हॉल्यूम सस्पेंड करा, नोफ्लश आणि नोलॉकएफएस पर्यायांसह, आणि इनिशिएटरवरून डायरेक्ट आयओने ४ केबीचं एकच लेखन करा.

डीफॉल्ट आकड्यांवर असं दिसेल. साधारण साठाव्या सेकंदाला अ‍ॅबॉर्ट जातो. टार्गेटच्या लॉगमध्ये ‘फाउंड रेफरन्स्ड’ आणि टॅगचा आकडा येतो, पण ‘सेंडिंग टीएमआर फंक्शन कम्प्लीट’ येत नाही. पंच्याहत्तराव्या सेकंदाला इनिशिएटरवर १०२१. मग लॉगिनचे प्रयत्न. आता व्हॉल्यूम रिझ्यूम केला की टार्गेटवर अडकलेली ओळ उमटते, लॉगिन होतं आणि लेखन पुन्हा जाऊन पूर्ण होतं. रिझ्यूम केलाच नाही तर आणखी १२० सेकंदांनी ‘सेशन रिकव्हरी टाइम्ड आउट’ येतं आणि प्रोग्रामला आयओ एरर मिळते. दुसऱ्या फेरीत अ‍ॅबॉर्ट टाइमआउट ३० ठेवा आणि ऐंशीव्या सेकंदाला रिझ्यूम करा. सेशन न पडता अ‍ॅबॉर्ट स्वच्छ पूर्ण झालेला पॅकेटमध्ये दिसेल.

मल्टिपाथ आणि रूट डिस्क

मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या एकाहून जास्त वाटा) असेल तर रिप्लेसमेंट टाइमआउट ५ च्या आसपास आणतात, म्हणजे पडलेल्या वाटेवरची कमांड लगेच दुसऱ्या वाटेने जाते. ते योग्यच आहे, फक्त किंमत माहीत असू द्या: पहिल्या वाटेवरच्या कमांडचं टार्गेटमध्ये काय झालं हे कळायच्या आत दुसऱ्या वाटेने तेच लिहिलं जातं. त्यामुळे मल्टिपाथमध्ये अ‍ॅबॉर्टला पुरेसा वेळ देणं आणखी महत्त्वाचं. वाट खरोखर तुटली असेल तर ते नॉप दहा सेकंदांत शोधतातच, त्यासाठी अ‍ॅबॉर्टचं घड्याळ आवळायची गरज नाही.

रूट फाइलसिस्टमच आयस्कझीवर असेल आणि दुसरी वाट नसेल तर उलटं करा. नॉपचे दोन्ही आकडे ०, रिप्लेसमेंट टाइमआउट ८६४००, म्हणजे एक दिवस. स्विच रीबूट झाला तर मशीन थांबून राहतं, रूट रीड-ओन्ली होत नाही.

सगळ्या पायऱ्या फसल्या की कर्नल डिस्क ‘ऑफलाइन’ करतो. लॉगमध्ये ‘नॉट रेडी आफ्टर एरर रिकव्हरी’ असं येतं. टार्गेट सुधारलं तरी डिस्क आपोआप परत येत नाही. आधी सेशन ‘लॉग्ड इन’ आहे आणि होस्ट ‘रिकव्हरी’त नाही हे सेशन मोडच्या प्रिंट लेव्हल ३ मध्ये बघा. मग फाइलसिस्टम अनमाउंट करा, डिव्हाइसच्या ‘स्टेट’ फाइलमध्ये ‘रनिंग’ लिहा, एफएससीके (फाइलसिस्टमची तपासणी) चालवा आणि त्यानंतरच माउंट करा.